इंजिन थांबल्यावर

विमान जमिनीवरून उठतें तो क्षण दुरून पाहणाराला मोठा मौजेचा वाटतो. विमान चालविणाराला मात्र सबंध प्रवासांत त्याच क्षणाची अधिक धास्ती असते. आकाशांत उंच गेलेल्या विमानाचें इंजिन बंद पडलें, तर चालकाच्या हातीं उंची असते. आणि उंची म्हणजेच वेळ. उतरतांना इंजिन बंद पडलें, तर धावपट्टी समोरच असते. परंतु नुकत्याच उठलेल्या विमानाचें इंजिन थांबलें, म्हणजे उंची थोडी, वेग थोडा आणि धावपट्टी पाठीमागें राहिलेली, अशी तिहेरी अडचण एकदम उभी राहते. अशा वेळीं चालकानें काय करावें, आणि विशेषतः काय करूं नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो अतिहलक्या विमानांना धरून मांडावयाचा आहे. कारण मोठें विमान जी चूक थोडा वेळ तरी सोसतें, ती या चिमुकल्या विमानाला दोन सेकंदहि सोसत नाहीं.

अतिहलकें विमान म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. १९७५ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत जॉन मूडी नांवाच्या गृहस्थानें टेकडीवरून धांवत सुटून तरंगावयाच्या एका दुपंखी ग्लायडरला लहानसें इंजिन जोडलें, आणि टेकडीचा आश्रय न घेतां उड्डाण केलें. तेथून हा छंद झपाट्यानें पसरला. १९८२ सालीं अमेरिकन सरकारनें अशा विमानांची मर्यादा आंखून दिली. बसावयास जागा एकच. रिकाम्या विमानाचें वजन २५४ पौंडांहून, म्हणजे सुमारें ११५ किलोग्रॅमहून, कमी. पेट्रोल फार तर १९ लिटर. सपाटीनें उडतांना कमाल वेग ताशीं सुमारें १०२ किलोमीटर. आणि ज्या वेगाखालीं पंख विमानाचा भार उचलीनासे होतात, तो वेग ताशीं सुमारें ४४ किलोमीटरहून अधिक नसावा, अशी ती मर्यादा आहे. अॅल्युमिनियमच्या नळ्या, पोलादी तारा, ताणून बसविलेलें कापड आणि एक लहान इंजिन, एवढाच या विमानाचा संसार. पुष्कळदां मालकानेंच सुटे भाग आणून, महिनोन् महिने खपून तें घरीं जोडलेलें असतें. इंग्लंडांतील त्याचें भावंड मायक्रोलाइट या नांवानें ओळखलें जातें. तें थोडें वजनदार असून त्यांत दोघांनाहि बसतां येतें. हीं विमानें म्हणजे नुसतीं खेळणीं नव्हेत. मुंबईचे उद्योगपति विजयपत सिंघानिया यांनीं १९८८ सालीं मायक्रोलाइटमधून एकट्यानें इंग्लंडहून हिंदुस्थानापर्यंत मजल मारली होती.

या विमानांतील पुष्कळ इंजिनें मोटारसायकलच्या जुन्या इंजिनांप्रमाणें टू-स्ट्रोक जातीचीं असतात. वजनाच्या मानानें त्यांची शक्ति मोठी, परंतु स्वभाव लहरी. ऑस्ट्रियांतील रोटॅक्स कंपनीनें तर आपल्या अशा इंजिनांच्या माहितीपुस्तकांतच स्पष्ट बजावलें आहे कीं, हें इंजिन रचनेमुळेंच अचानक थांबूं शकतें. म्हणजे, इंजिन थांबलें तर काय, असा प्रश्न येथें नसतोच; केव्हां थांबेल, एवढाच प्रश्न असतो.

आणि तें नेमकें उड्डाणाच्या वेळींच कां थांबावें? त्याला कारणें आहेत. इंजिनावर सर्वांत अधिक ताण त्याच वेळीं पडतो. पुरेसें न तापवितां घाईनें पूर्ण शक्ति दिली, तर आंतला दट्ट्या तापून फुगतो, भोंवतालचें सिलिंडर मात्र अजून थंडच असतें, आणि दट्ट्या त्यांत आवळला जाऊन जागच्या जागीं अडकतो. दुसरें कारण पेट्रोलचें. टांकीखालचा कॉक उघडावयास चालक विसरला, तरी कार्बुरेटरच्या वाटींत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरूं होतें, विमान धावपट्टीपर्यंत जातें, धांवतें आणि उठतेंहि. मग पूर्ण शक्तीची तहान त्या वाटीला भागवितां येत नाहीं, आणि झाडांच्या शेंड्यांवर आल्यावर सगळें शांत होतें. तिसरें कारण पाण्याचें. अल्कोहोल मिसळलेलें पेट्रोल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ओल फार झाली कीं पाणी व अल्कोहोल पेट्रोलपासून वेगळीं होऊन टांकीच्या तळाशीं बसतात. इंग्लंडांत २०२१ पासून सर्वसाधारण पेट्रोलांत १० टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतें. त्यामुळें पंपावरून आणलेलें पेट्रोल दीर्घ काळ सांठवून ठेवणाऱ्या चालकाला ही काळजी घ्यावीच लागते. कॉक पाहणें, टांकीच्या तळाचा नमुना पाहणें, इंजिन पुरतें तापूं देणें, या सगळ्या गोष्टी जमिनीवर पांच-दहा मिनिटांच्या आहेत. बहुतेक संकटें तेथेंच टळतात. तरी सगळीं टळत नाहींत, आणि उरलेल्यांसाठींच पुढील विवेचन आहे.

सामान्य समजूत अशी असते कीं, इंजिन थांबलें कीं विमान दगडासारखें खालीं पडतें. ती खरी नाहीं. विमानाला उचलून धरतात ते पंख. इंजिन फक्त पंखांना वेग पुरवितें. इंजिन नसलें तरी नाक थोडें खालीं ठेवून विमान उतारावरून घसरल्याप्रमाणें उतरतें, आणि तो वेग पंखांना पुरतो. एक मीटर उंची खर्चावी आणि पांच-सहा किंवा थोडे अधिक मीटर पुढें जावें, असा या हलक्या विमानांचा साधारण हिशेब असतो. पंखांचा वेग गेला म्हणजे मात्र इंजिन असो वा नसो, विमान कोसळतें. जर्मनींतील ओटो लिलिएन्थाल याच्या ग्लायडरला तर इंजिन नव्हतेंच. १८९६ च्या ऑगस्टच्या ९ तारखेस हवेंत असतां त्याच्या ग्लायडरचें नाक वर गेलें, वेग संपला, तो सुमारें १५ मीटरांवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला. विमानविद्येच्या आरंभींच मिळालेला हा धडा आजहि जसाच्या तसा लागूं आहे. जीव घेते ती वेगाची उणीव. इंजिनाची शांतता जीव घेत नाहीं.

उठणाऱ्या विमानाचें नाक वर असतें, आणि संकटाचें मूळ तेथेंच आहे. समजा, एक विमान ताशीं ६४ किलोमीटर वेगानें, ८ अंशांच्या चढानें वर जात आहे आणि इंजिन थांबलें. चढ त्याला मागें खेंचतो. तारा, नळ्या आणि उघड्यावर बसलेला चालक यांना होणारा हवेचा अडथळाहि मागेंच खेंचतो. ढोबळ हिशेबानें प्रत्येक सेकंदाला वेग ताशीं ११ किलोमीटरांनीं कमी होतो. ६४ वरून ४४ वर यावयास दोन सेकंदहि लागत नाहींत! जड विमान स्वतःच्या वजनाच्या रेट्यानें कांहीं काळ पुढें जात राहतें. हलक्या विमानाजवळ ती पुंजीच नसते. टाकलेला चेंडू पुढें जातो, टाकलेलें पीस हातापुढेंच थबकतें, तसा हा प्रकार आहे.

म्हणून पहिली आणि सर्वांत मोठी आज्ञा एकच : नाक खालीं. इंजिन कां थांबलें याचा विचार नंतर. जमीन डोळ्यांसमोर धांवून येत असतां नाक आणखी खालीं करावयास मन घेत नाहीं. हात आपोआप उलट दिशेस जाऊं पाहतो. म्हणूनच या क्रियेची संवय आधींपासून असावी लागते. कांहीं विमानांत इंजिन पंखांच्या पातळीच्या बरेंच वर बसविलेलें असतें. त्याचा रेटा एरवीं नाक खालीं दाबीत असतो. तो रेटा गेला कीं नाक आपण होऊन वर उसळतें, आणि चालकाला दुप्पट तांतडी करावी लागते. आणखी एक गंमत, पण जिवावरची, अशी कीं, दांड्याच्या विमानांत नाक खालीं आणावयास दांडा पुढें ढकलावा लागतो; उलट, त्रिकोणी कापडी पंखाखालीं टांगलेल्या तीनचाकी विमानांत चालकाला आडवी दांडी स्वतःकडे ओढावी लागते. एका जातीवर शिकलेला चालक दुसऱ्या जातीच्या विमानांत बसला, तर घाबरलेला हात जुन्या वळणावर जातो. दोन सेकंदांत चूक करावयासहि जागा नाहीं आणि दुरुस्त करावयासहि नाहीं.

नाक खालीं आलें, वेग सांवरला, म्हणजे दुसरा प्रश्न येतो : उतरावयाचें कोठें? येथें जो मोह उत्पन्न होतो, त्यानें आजवर पुष्कळांचा घात केला आहे. मागें ती धावपट्टी आहे. सपाट, ओळखीची, हातभर अंतरावर वाटणारी. पुढें कोणाचें तरी शेत, कुंपण, बांध, झुडपें. महिनोन् महिने खपून जोडलेलें विमान परक्याच्या शेतांत मोडावें, हें कोणाला रुचेल? मन सांगतें, वळ आणि परत चल.

मनाचें हें म्हणणें गणितानें तपासून पाहिलें पाहिजे. समजा, इंजिन ६० मीटरांवर, म्हणजे सुमारें २०० फुटांवर, थांबलें. तरंगण्याचा वेग ताशीं ६४ किलोमीटर. अशा तरंगण्यांत विमान सेकंदाला सुमारें ३ मीटर खालीं येतें. काय झालें हें उमजून निर्णय घेण्यांत ३ सेकंद गेले असें धरलें, तर ९ मीटर तेथेंच संपले. गेलेला वेग परत मिळविण्यांत आणखी सुमारें १० मीटर. आतां ३० अंश कलून अर्धें वर्तुळ फिरावयास सुमारें १० सेकंद लागतात, आणि कललेलें विमान अधिक वेगानें उतरत असल्यामुळें त्यांत ३५ मीटर जातात. उरले ६ मीटर. आणि एवढें करून विमान धावपट्टीच्या रेषेवर आलेलें नसतेंच. तें तिच्या बाजूला सुमारें ११० मीटरांवर असतें. अर्ध्या वर्तुळाचा व्यासच तेवढा आहे. रेषेवर यावयास आणखी वळावयाचें, पुन्हां उलट वळून सरळ व्हावयाचें. आणि हातीं उंची एका लहान घराएवढी!

मग चालक म्हणेल, अधिक कलून लवकर वळावें. तेथें दुसरा सांपळा आहे. कललेल्या विमानांत पंखांना केवळ वजनच नव्हे, तर वळणाचा भारहि उचलावा लागतो. सरळ उडतांना जें विमान ताशीं ४४ किलोमीटरपर्यंत तग धरतें, तें ३० अंश कललें असतां ४७ वर, ४५ अंशांवर ५२ वर, आणि ६० अंशांवर ६२ किलोमीटरवरच आधार सोडतें. ६४ किलोमीटरनें उडणारा चालक ६० अंश कलला, कीं तो अगदीं कडेलोटाच्या टोंकावर येऊन बसतो. आंतल्या बाजूचा पंख आधी निकामी होतो, विमान त्या बाजूस उलथतें आणि गिरक्या घेऊं लागतें. त्यांतून बाहेर पडावयास जी उंची लागते, ती तेथें नसते.

यांत वाऱ्याचीहि भर पडते. विमानें नेहमीं वाऱ्यासमोर उठतात. म्हणून मागें वळणें म्हणजे वारा पाठीशीं घेणें. ताशीं १६ किलोमीटरचा वारा धरला, तर ६४ च्या वेगानें समोर उतरणारें विमान जमिनीला ४८ नें लागतें. पाठीशीं वारा असतां तेंच ८० नें लागतें. आघाताचा जोर वेगाच्या वर्गानें वाढतो, म्हणून ८० चा आघात ४८ च्या आघाताच्या जवळजवळ तिप्पट होतो. शिवाय जमिनीलगत पाठीशीं वारा असला कीं शेतें भराभर मागें पळतांना दिसतात, वेग पुष्कळ आहे असा भास होतो, आणि चालक नकळत नाक वर धरून खरा वेग गमावतो. डोळेच अशा वेळीं खोटी साक्ष देतात.

याच्या उलट, समोर उतरणाराचा हिशेब पाहावा. समोरच्या दोन्ही बाजूंस थोडें वळून, सुमारें ३० अंशांच्या टापूंत, जी बरी जागा दिसेल ती घ्यावयाची. वेळ असेल तर पेट्रोल बंद, विजेची कळ बंद, पट्टे घट्ट. इंजिन पुन्हां सुरूं करण्याच्या खटपटींत पडावयाचें नाहीं. ताशीं ४८ किलोमीटर वेगानें विमान एखाद्या झुडुपांत शिरलें आणि ३ मीटरांत थांबलें, तर शरीराला सरासरी स्वतःच्या वजनाच्या तिप्पट हिसका बसतो. पट्ट्यांनीं नीट बांधलेला मनुष्य तो सहज सोसतो. तेंच विमान वळतांना ३० मीटरांवरून सरळ खालीं कोसळलें आणि अर्ध्या मीटरांत थांबलें, तर तो हिसका सुमारें साठपट होतो. पहिल्या प्रकारांत चाकें मोडतील, पंख फाटतील, नळ्या वांकतील. मोडूं द्यावें! नळ्या वांकतात म्हणूनच आघात शरीरापर्यंत येतांना थकतो. शिर सलामत तर पगडी पचास, ही म्हण या विद्येंतील पहिलें सूत्र म्हणून शिकवावी.

सबंध विमानालाच धरून ठेवणारी हवाईछत्रीहि आतां मिळते. कळ ओढतांच लहान रॉकेट तिला बाहेर खेंचतें. १९८० नंतरच्या दशकांत ती प्रचारांत आली आणि तिनें अनेकांचे प्राण वांचविले आहेत. परंतु तिलाहि उघडावयास उंची लागते. पहिल्या कांहीं मीटरांत तिच्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. तेथें चालकाचा निर्णय हीच छत्री.

हा निर्णय संकट आल्यावर घ्यावयाचा नसतो, हें एका सुप्रसिद्ध घटनेनें उत्तम दाखविलें. २००९ च्या जानेवारीच्या १५ तारखेस न्यूयॉर्कहून निघालेल्या एका मोठ्या प्रवासी विमानावर सुमारें ८५० मीटरांवर रानहंसांचा थवा आदळला आणि दोन्ही इंजिनांची शक्ति गेली. कप्तान चेस्ली सलेनबर्गर यांनीं मागें फिरण्याचा नाद सोडून विमान हडसन नदींत उतरविलें. आंतील १५५ जणांपैकीं एकहि दगावला नाहीं. पुढें चौकशींत उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्रावर परतीचे प्रयोग करून पाहण्यांत आले. आघात होतांच तत्काळ वळलेल्यांपैकीं कांहींना धावपट्टी गांठतां आली. परंतु माणसाला परिस्थिति उमजावयास लागणारा वेळ म्हणून ३५ सेकंद थांबून वळविलें, तेव्हां विमान पोंचलें नाहीं. विचार करावयास लागणारा वेळहि उंचीच्याच नाण्यांत मोजावा लागतो. तेथें ८५० मीटर होते. अतिहलक्या विमानाच्या चालकाजवळ साठ असतात.

म्हणून विचार जमिनीवरच उरकून ठेवावयाचा. इंग्लंडांतील मायक्रोलाइटच्या शिक्षणांत उड्डाणानंतर इंजिन थांबण्याचा सराव ठरलेला असतो. शिक्षक शिष्याला न सांगतां इंजिनाची शक्ति काढून घेतो, आणि शिष्याचा हात कोणत्या दिशेस जातो तें पाहतो. शहाणा चालक प्रत्येक उड्डाणापूर्वीं, धावपट्टीच्या टोंकाशीं उभा राहून, स्वतःशींच मोठ्यानें बोलतो : "धावपट्टी उरली असतां इंजिन थांबलें, तर नाक खालीं आणि सरळ पुढें. कुंपणापलीकडे थांबलें, तर नाक खालीं आणि उजव्या हाताचें कापलेलें शेत. ठरविलेल्या उंचीखालीं मागें वळणार नाहीं." ही उंची अंदाजानें ठरवावयाची नसते. पुरेशा उंचीवर जाऊन, शिक्षकाच्या देखरेखीखालीं, आपल्या विमानाला वळावयास किती मीटर खर्चावे लागतात हें मोजावयाचें, त्यांत गोंधळून जाण्याचे सेकंद मिळवावयाचे, आणि वर बरीच शिल्लक ठेवावयाची. ती रेषा एकदां आंखली कीं हवेंत तिच्याविषयीं स्वतःशीं घासाघीस करावयाची नाहीं.

ही सगळी शिकवण अखेर एका कठीण गोष्टीवर येऊन ठेपते. इंजिन थांबलें त्या क्षणीं विमान गमावलें असें समजून चालावयाचें. पुढें तें शाबूत राहिलें तर तो लाभ. ज्यानें त्याचा एकेक बोल्ट आपल्या हातानें आंवळला, त्याला हें जड जातें. परंतु मागें वळणारे बहुधा धावपट्टीसाठीं वळत नाहींत, विमानाच्या ममतेनें वळतात. ही ममता जमिनीवर सोडून जो वर जातो, तो एखाद्या दिवशीं परक्याच्या शेतांत, मोडक्या चाकांजवळ, चिखलानें भरलेला उभा असतो. शेताचा मालक दुरून ओरडत येत असतो. नुकसानभरपाईची बोलाचाली होते, लोक जमतात, कोणी पाणी आणून देतो, आणि फाटका पंख गुंडाळून संध्याकाळीं तो मनुष्य घरीं जेवावयास जातो.